परक्या छपराखालची झोप

भोपाळच्या टी. टी. नगरातून सायकल दक्षिणेला काढली की मंडीदीपचे कारखाने मागे पडतात. मग ओबेदुल्लागंज, विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेली भीमबेटका, रातापाणीचे जंगल, आणि विंध्याचा घाट उतरून नर्मदा. पिपरिया, मटकुलीवरून सातपुडा चढला की तामिया. तिथल्या सावरवानीसारख्या गावांत आदिवासी कुटुंबे आपल्या घरात पाहुणे ठेवतात. मोटारवालाही तिथे पोचतो. पण जागा आवडली नाही तर निघून जायची सोय त्याच्या खिशातल्या किल्लीत असते. दिवेलागणीला घाट चढून आलेल्या सायकलस्वाराला ती नसते. त्याला तिथेच झोपावे लागते, आणि झोपणे म्हणजे स्वतःला दुसऱ्याच्या हवाली करणे.

नर्मदाकाठाला हा व्यवहार परका नाही. परिक्रमेला निघालेला मराठी माणूस ‘नर्मदे हर’ म्हणत दारात उभा राहतो, त्याला सदावर्त मिळते. देणारा देतो मैयेला, म्हणून घेणारा मिंधा होत नाही. आता हे काम मुक्कामाचा दर करतो. पैसे मोजले की उपकार फिटतो, यात वाईट काही नाही. जपानच्या ओइता प्रांतातल्या आजिमुच्या शेतकऱ्यांनी १९९६ पासून पैसे घेऊनच पाहुणे ठेवले. तरी एकदा राहिलात तर दूरचे नातलग, दहादा राहिलात तर सख्खे, असे ते म्हणतात. जेवणाचे आणि अंथरुणाचे पैसे होतात, भरवशाचे होत नाहीत, हे त्यांनी ओळखले असावे.

तो भरवसा मोडला तर काय होते, हे टी. टी. नगरच्या नावातच आहे. टी. टी. म्हणजे तात्या टोपे. येवल्यात जन्मलेले टोपे ग्वाल्हेर पडल्यावर महिनोन्‌महिने इंग्रजी फौजांना हुलकावण्या देत याच मुलखात फिरले. ऑक्टोबर १८५८ मध्ये त्यांनी नर्मदाही ओलांडली. लढाईत ते सापडले नाहीत. नरवरच्या मानसिंगाच्या भरवशावर जंगलात झोपले असताना त्यानेच त्यांना पकडून दिले. १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीत त्यांना फाशी झाली.

गावातल्या मुक्कामाचे मोल आपण न्हाणीघर आणि गादीवरून ठरवतो, आणि पाहुणा म्हणून आपण काय धोका पत्करला तेवढेच मोजतो. पण अनोळखी माणसाला आत घेऊन घरधनीही त्याच छपराखाली, बायकामुलांसह झोपतो. भरवसा दोन्हीकडून सारखाच टाकलेला असतो. म्हणूनच दर चुकता केल्यावरही तिथे कुणी नुसते गिऱ्हाईक उरत नाही.