हायपोचे इमान

पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलो की मी एका ओळखीच्या घरी डोकावतो. त्या घराच्या ओसरीवर मी 1974 साली छापलेला एक फोटो टांगलेला आहे. नृसिंहजयंतीचा दिवस, मागे देऊळ, कडेवर नातू घेतलेली आजी. आजी केव्हाच गेली. नातवाचे केस पिकले. आणि फोटोतली आजी पिवळट तपकिरी डागाखाली बुडत चालली आहे. घरची माणसे म्हणतात, "काळाचा महिमा, दुसरं काय!" मी मान डोलावतो. पण तो काळाचा महिमा नव्हे, माझ्या चिकटपणाचा आहे.

त्या वेळी परभणीत माझी अंधारी खोली होती आणि हायपो मी घरीच बनवीत असे. त्यात अवघड काहीच नाही. लिटरभर पाण्याला 240 ग्रॅम खडे. ते विरघळताना पाणी गार पडत जाते, म्हणून आधी कोमट घ्यावयाचे. मग 10 ग्रॅम सल्फाइट आणि शेवटी 25 ग्रॅम बायसल्फाइट. क्रम चुकवून नुसत्या हायपोत आम्ल घातले तर गंधक सुटते आणि पाणी दुधाळ होते.

हायपो चित्र काढीत नाही. प्रकाशाने न शिवलेले चांदीचे क्षार तो विरघळवून नेतो. ते राहिले तर उजेडात चित्र काळवंडते. त्याचा हा गुण हर्शेलने 1819 सालीच नोंदविला होता, आणि 1839 साली तो फोटोच्या कामी आला. मात्र फोटोमागून फोटो बुडवीत गेले की हायपो थकतो. थकलेला हायपो मी फेकला नाही. यात्रेची गर्दी होती आणि चार आणे वाचत होते.

येथेच खरी मेख आहे. फिल्म हायपोत टाकली की तिच्यावरचे दुधाळ पटल डोळ्यांदेखत नाहीसे होते. न झाले तर चूक लगेच कळते. कागद मुळातच पांढरा. ताज्या हायपोतला फोटो आणि थकलेल्यातला फोटो दुसऱ्या दिवशी सारखेच सुंदर दिसतात. गिऱ्हाईक पैसे देऊन आनंदाने घरी जाते.

मग कोणी विचारील, त्या दिवशी त्याला हवे ते मिळाले ना? मला वाटते, नाही. त्याने कागद विकत घेतला नव्हता, वर्षे घेतली होती. जी चूक उघडकीला येईपर्यंत देणारा आणि घेणारा दोघेही नसण्याचा संभव, तिच्या बाबतीत माणसाला बांधून ठेवणारे त्याच्या स्वतःखेरीज कोणीच नसते. आपल्या सचोटीतली किती सचोटी फिल्मपुरती असते, आणि किती कागदापर्यंत पोहोचते?

त्या फोटोची निगेटिव्ह माझ्यापाशी अजून स्वच्छ आहे. तेथे मला प्रामाणिक राहणे भागच होते. यंदा ताजा हायपो कालवून मी नवा फोटो छापला. तो तासभर वाहत्या पाण्यात धुतला, कारण काम झाल्यावर हायपोही कागदात उरता कामा नये. उरला तर तोच डाग पाडतो.

फोटो तयार आहे. तो देताना 'काळाचा महिमा' हे शब्द पुन्हा ऐकू येतील. या वेळी मान डोलवावयाची नाही, एवढे ठरविले आहे.