ती मान आणि तो मान

स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही म्हणतात. पण पाठीवर निदान सदरा तरी असतो. मानेची मागची बाजू उघडी, साऱ्या जगाला दिसणारी. फक्त मालकालाच काय ते दर्शन नाही. माझी मान दिसली ती आमच्या सौ.ला.

"अहो, मान जरा घासत जा नीट!"

घासली. आधी साबणाने, मग वज्रीने. मान लाल झाली. पण जिथे काळी होती तिथे काळीच राहिली.

शेवटी कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी साखर विचारली. मानेवर मखमलीसारखा काळा थर आला, तर पुष्कळदा त्याचे नाते साखरेशी निघते म्हणे. माझी साखर नॉर्मल. मग त्यांनी कॉलर ओढली, हनुवटी वर केली. कॉलरखाली आणि हनुवटीच्या सावलीत कातडी स्वच्छ!

"ऊन," डॉक्टर म्हणाले.

बाजूच्या तांबूस-तपकिरी जाळीला सिव्हात या फ्रेंच डॉक्टरांचे नाव आहे; १९२३ साली त्यांनी तिचे वर्णन केले. मागे मात्र कातडी जाड होऊन रेघांना रेघा छेदतात आणि शंकरपाळ्यांचे ताट मांडल्यासारखे दिसते. त्याचे नाव 'कुटिस ऱ्हॉम्बॉइडॅलिस न्यूकी'. मराठीत आणले तर मानेवरची शंकरपाळी, एवढेच.

"पण मी बँकेत बसतो हो, सावलीत!"

"येता-जाता स्कूटर? टेबल खिडकीशी?"

दोन्ही गुन्हे कबूल. काच कातडी भाजणारे किरण बरेचसे अडवते, पण खोल शिरणारे आत सोडते. अमेरिकेत २८ वर्षे ट्रक चालवलेल्या एका माणसाचा फोटो २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. खिडकीकडचा डावा गाल सुरकुत्यांनी भरलेला, उजवा त्या मानाने तरुण. उन्हाकडे खाते मी कधी उघडले नव्हते, पण नोंदी रोज होत होत्या. कातडीतले लवचीक तंतू एकदा बिघडले की उलटी नोंद जवळजवळ नाहीच. जुनी माणसे फेट्याचा शेमला मानेवर सोडत, पंचा गुंडाळत. आम्ही बी.कॉम. झालो आणि मान उघडी टाकली.

शंकरपाळी म्हटल्यावर मला दुसरी मान आठवली.

आमचे अण्णा सोलापुरात पोस्टमन. तीस वर्षे सायकल आणि सोलापूरचे ऊन. मी सहावीत असताना ते शाळेत रजिस्टर घेऊन आले. हेडमास्तरांची सही घ्यायला वाकले आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "अरे, तुझ्या वडिलांच्या मानेवर केवढा मळ!" संध्याकाळी मी घरी म्हणालो, "अण्णा, मान घासत जा ना."

अण्णा रागावले नाहीत. मोरीत बसून मान घासू लागले. पुढचे कित्येक रविवार घासत होते. मग एक दिवस त्यांनी कॉलरमध्ये रुमाल खोचला, तो कायमचा.

मराठी भाषा खट्याळ आहे. ती मान गळ्यावर असते, तो मान माणसाला मिळतो; आणि आपण 'ती' पाहून 'तो' देतो. स्वच्छ मानेला खुर्ची, काळ्या मानेला रांग. मी अजाण होतो हे खरे. पण अजाणतेपणी केलेला अपमान हिशेबात धरायचा की नाही? बँकेत चुकीची नोंद झाली तर 'मला माहीत नव्हते' म्हणून ती बरोबर ठरत नाही; दुरुस्त करावी लागते. इथे खातेदारच हयात नाही. वारस मी, देणेकरीही मीच. कॉमर्सच्या हिशेबाने असे देणे आपोआप मिटते. हे एवढे एकच मिटत नाही.

मग मी थोडी थोडी परतफेड भलत्याच खात्यात करतो. काउंटरवर कोणी अंगठा उठवायला वाकला की शंकरपाळी दिसतात. "काका, बसा. घाई नाही," मी म्हणतो. मागची रांग मात्र माझ्या नावाने खडे फोडते.

डॉक्टरांनी मलम दिले आहे. ते पुढचे ऊन अडवते. मागची बाकी तशीच राहते. मला दिसत नाही म्हणून सौ. लावते. परवा म्हणाली, "थोडे घासून बघू का?"

"नको," मी म्हणालो, "ती वडिलोपार्जित आहे."