पंचनाम्यानंतरचे मोजमाप

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही बेभरवशाचा. त्यामुळे इथली सगळी यंत्रणा पाणी नसण्याचाच विचार करत वाढली. टँकर, चारा छावणी, रोजगार हमी या कामांत तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत सर्वांचा हात बसलेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र वरच्या भागात धो धो पाऊस झाला, प्रकल्पांतून मोठा विसर्ग सुरू झाला आणि सीना नदीने पात्र सोडले. करमाळा, माढा, मोहोळ आणि सोलापूरलगतच्या तालुक्यांतली नदीकाठची गावे पाण्यात गेली, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला, माणसांना बाहेर काढायला एनडीआरएफ आणि लष्कर आले. या सुटकेच्या कामाचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण आपत्तीतून सावरण्याची परीक्षा पाणी ओसरल्यावर सुरू होते, आणि तिथे आपल्याकडे पैशांचा हिशेब असतो, मोजमाप नसते. पुराने नेमके काय नेले आणि ते किती भरून आले, हे शास्त्रीय पद्धतीने वर्षानुवर्षे मोजल्याशिवाय पुनर्वसन पुरे झाले असे म्हणता येणार नाही.

पंचनामा हे महसुली साधन आहे. कुणाचे किती क्षेत्र बाधित झाले हे ते एकदाच टिपते, आणि भरपाई वेगाने देण्यासाठी तेवढे लागतेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि मनरेगातून तीन लाखांपर्यंतच्या कामांची तरतूद होती. पूर्वीच्या मदतीशी ताडून पाहता हे पाऊल मोठे आहे. तरीही एका शिवारात दोन बांधांच्या अंतरावर दोन वेगळ्या गोष्टी घडतात. नदीला लागून असलेल्या तुकड्यातली काळी माती जाऊन खालचा मुरूम उघडा पडतो, तर थोड्या वरच्या तुकड्यावर वीतभर गाळ बसतो. पहिल्या तुकड्यात बाहेरून माती आणून टाकली तरी तिच्यातला सेंद्रिय कर्ब आणि जीवाणू लगेच येत नाहीत, कारण मातीचा इंचभर थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. दुसऱ्या तुकड्यातला गाळ सुपीक आहे की निव्वळ वाळू, हे माती परीक्षणाशिवाय कळत नाही. दोन्ही तुकड्यांचा पंचनामा झाला, तरी दोन्हींना लागणारा उपचार निराळा आहे.

आरोग्याचेही तसेच. पुराचे पाणी विहिरीत उतरले की टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली जाते आणि काम झाले असे धरले जाते. पण पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गढूळपणातच खर्ची पडतो, आणि उघड्या पोत्यातल्या पावडरीची ताकद महिन्यागणिक उतरत जाते. म्हणून ओटी टेस्ट करायची असते. क्लोरीन टाकल्यावर अर्ध्या तासाने नळाच्या पाण्यात तो शिल्लक आहे का, हे द्रावणाच्या पिवळ्या रंगावरून दिसते. रंग आला नाही तर किती पोती रिकामी झाली या नोंदीला अर्थ नाही. लेप्टोस्पायरोसिस तर पाणी ओसरल्यावर डोके काढतो. जनावरांच्या मूत्रातून चिखलात आलेले जंतू पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात आणि ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, म्हणजे वैद्यकीय शिबिरे गुंडाळली जात असतात नेमक्या त्या वेळी. मनाच्या जखमा याहून उशिरा दिसतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने वाचलेल्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास केला, म्हणून त्या दुःखाला वैद्यकात जागा मिळाली. सीनाकाठच्या कर्जबाजारी शेतकऱ्याच्या न लागणाऱ्या झोपेची नोंद कुठल्या रजिस्टरात होते?

अशा मोजमापावर पहिला आक्षेप असा की, ज्याच्या घरात धान्य भिजले त्याला रोख मदत हवी, प्रयोगशाळेचा कागद नको. पहिल्या महिन्यापुरता तो शंभर टक्के खरा आहे आणि मदत मोजमापासाठी एक दिवसही अडता कामा नये. पण चुकीच्या जमिनीवर चुकीचा उपचार झाला तर ती मदत पुढच्या पावसात वाहून जाते. दुसरा आक्षेप असा की, असा पूर पिढीतून एकदा येतो, त्यासाठी दुष्काळी जिल्ह्याने कायमची व्यवस्था का उभारावी? याचे उत्तर असे की ही व्यवस्था पुरात आणि दुष्काळात दोन्हीकडे चालते. विहिरीची पातळी, मातीची ओल धरण्याची क्षमता, पिण्याच्या पाण्याची शुद्धता हे टंचाईतही मोजावेच लागते. राहिला मनुष्यबळाचा प्रश्न. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आणि आशाताई गावात आहेतच. मोहोळ आणि खेडची कृषी विज्ञान केंद्रे, केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आणि अहिल्यादेवींच्या नावाचे विद्यापीठ जिल्ह्यात आहेत. त्यांना एका कामाला जुंपणारा आदेश आणि निधी नाही.

सोलापूरला असे मोजमाप नवे नाही. १९३० च्या दशकात इथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतातून किती पाणी आणि किती माती वाहून जाते हे वर्षानुवर्षे मोजले, आणि बांधबंदिस्तीचा आग्रह त्या आकड्यांवर उभा राहिला. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने याच जिल्ह्याच्या आकाशात कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. बीजारोपण केलेल्या आणि न केलेल्या ढगांची तुलना करून २०२३ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की, वाऱ्याच्या दिशेकडील सुमारे १०० चौरस किलोमीटरवर सरासरी १८ टक्के जास्त पाऊस पडला. ढगातून वाढलेला पाऊस जिथे मोजता येतो, तिथे शेतातून गेलेली माती मोजता येणार नाही असे कसे म्हणावे?

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक पूरग्रस्त गावात निवडक शेतांची माती, सगळ्या विहिरींचे पाणी आणि तापाच्या रुग्णांची नोंद किमान पाच वर्षे ठेवावी आणि ती दरवर्षी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी. ग्रामस्थांनीही पुढच्या ग्रामसभेत मदत किती आली एवढेच विचारून थांबू नये. आमच्या विहिरीची ओटी टेस्ट शेवटची कधी झाली आणि आमच्या मातीचा अहवाल कुठे आहे, हे दोन प्रश्न नाव घेऊन विचारावेत आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.