पऱ्हाटीचा धूर आणि मातीची भूक

फाल्गुनात मूर्तिजापूरच्या आसपास संध्याकाळी फिरा, धुऱ्याधुऱ्यावर पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचे, ढीग पेटलेले दिसतात. धूर आडवा पसरून रस्त्यावर उतरतो. सकाळी तिथे राखेचं पांढरट वर्तुळ तेवढं उरतं. झाडानं हंगामभर हवेतून ओढून घेतलेला कार्बन एका रात्रीत परत हवेत गेलेला असतो. ते वर्तुळ पाहिलं की जीव हळहळतो, कारण आपल्या वावरांना नेमकी त्या कार्बनचीच चणचण आहे.

चणचण कशी, जमीन तर काळीभोर आहे, असं कुणीही म्हणेल. पण रंग इथे फसवतो. थोडासाच ह्यूमस चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसतो आणि सगळी माती काळी दिसते. मातीपरीक्षणात सेंद्रिय कर्ब साधारण 0.5 टक्क्यांखाली आला की जमीन ‘कमी’ गटात जाते. वऱ्हाडातल्या कितीतरी वावरांची गत तीच. एका हेक्टरच्या वरच्या 15 सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे 20 लाख किलो भरतं. म्हणजे कागदावरचा 0.1 टक्क्याचा फरक शेतात 2 टन कर्बाचा असतो.

फिनलंड, रशिया, कॅनडातल्या सूचिपर्णी अरण्यांत याच्या उलट. तिथे थंडीनं सूक्ष्मजीव वर्षातले कित्येक महिने जवळजवळ थिजलेले असतात. सुया आणि शेवाळ थरावर थर साचत जातात आणि उभ्या झाडांपेक्षा जास्त कार्बन जमिनीत राहतो. तापमान 10 अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो, म्हणून त्या तापत चाललेल्या जमिनींची जगाला धास्ती आहे. आपण मात्र कुजण्याच्या त्या वाढलेल्या वेगातच पिढ्यान्‌पिढ्या शेती करतो आहोत. हान्स जेनी आणि एस. पी. रायचौधुरी यांनी 1960 मध्ये भारतभरच्या मातीचा अभ्यास मांडला. उष्णता वाढली की मातीतला सेंद्रिय साठा घटतो, पाऊस वाढला की वाढतो आणि नांगराखालची जमीन रानापेक्षा गरीब असते, हे त्यात स्पष्ट दिसलं.

नुसती उष्णता मात्र पुरत नाही. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेव्हा कोरड्या मातीतले जीव निपचित असतात. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांत उतरतो आणि ते एकदम जागे होतात. उन्हाळ्यात मेलेल्या सूक्ष्मजीवांवर आणि मोकळ्या झालेल्या सेंद्रिय द्रव्यावर ते तुटून पडतात. काही दिवस जमिनीतून कार्बन डायऑक्साइडचा लोट निघतो. पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर एच. एफ. बर्च यांनी 1958 मध्ये हे दाखवून दिलं. पहिल्या पावसाच्या वासानं आपण सुखावतो, त्याच वेळी जमीन आपली शिल्लक खर्चत असते.

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक गोष्ट घडते. तिथे कार्बन साठतो, पण चुनखडीच्या रूपात. कोरड्या हवामानात कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतं, सोडियमचं प्रमाण वाढतं, चिकणमाती विखुरते आणि पाणी खाली झिरपेनासं होतं. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पूर्णेच्या खोऱ्यात हे तपासलं आहे. कार्बन साठला म्हणजे जमीन सुधारली, असं डोळे मिटून म्हणता येत नाही ते यामुळे.

म्हणूनच मातीत कार्बन साठवण्याच्या मोबदल्यात पैसे देणाऱ्या कार्बन क्रेडिटच्या नावानं जी मोठी स्वप्नं दाखवली जातात, त्यांच्याबद्दल मी सावध आहे. आपल्या उन्हात एकदा घातलेलं खत पुरत नाही, दरवर्षी घालावं लागतं. पण घातलं तर फरक पडतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात 1988 पासून ज्वारी-गव्हावर दीर्घकालीन खतप्रयोग चालू आहे. रासायनिक खताला शेणखताची जोड मिळालेल्या वाफ्यांत सेंद्रिय कर्ब वाढलेला आहे.

शेणखत आता पुरेसं राहिलं नाही, कारण गोठे रिकामे झाले. पऱ्हाटी मात्र दरसाल आहे. गुलाबी बोंडअळीची भीती खरी आहे, म्हणून कवडी बोंडांसकट ती शेतात उभी ठेवू नका. श्रेडरनं बारीक करा आणि शेणकाला घालून खड्ड्यात कुजवा. लाकडाळ भुकटी तशीच मातीत गाडली तर सूक्ष्मजीव पिकाचं नत्र खातात, तेवढं सांभाळा. चुलीला लागेल तेवढी घरी न्या. उरलेल्या ढिगाला यंदा काडी लावू नका, एवढी विनंती आहे.