बाळाच्या आजारात कर्म शोधताना

दीड-दोन वर्षांच्या मुलाचं पोट फुगलेलं दिसतं, ते लंगडू लागतं, कधी डोळ्यांभोवती काळं पडतं. तपासण्या होतात आणि न्यूरोब्लास्टोमा हा शब्द घरात येतो. त्याच्या मागोमाग येणारे प्रश्न मात्र डॉक्टरांचे नसतात. ग्रहणात आईनं काही चिरलं होतं का? कुलदेवतेचं काही करायचं राहिलं का? कुणाचं पाप आड आलं?

हा कर्करोग बहुतेकदा जन्माआधीच मूळ धरतो. गर्भात मज्जासंस्था घडत असताना काही कोवळ्या पेशी आपली जागा शोधत निघतात. त्यांतून पुढे पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठी आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींचा गाभा तयार होतो. एखाद्या ठिकाणी या पेशी पक्व होतच नाहीत, नुसत्या वाढत राहतात. शंभरांतल्या एखाद-दोन मुलांत हा आजार घराण्यातून आलेला असतो. बाकीच्यांत आईच्या खाण्यापिण्याकडे किंवा वागण्याकडे बोट दाखवता येईल असं काही संशोधनाच्या हाती लागलेलं नाही.

तरी कर्माचा हिशेब मांडला जातोच. कर्मसिद्धांतावर इथं अन्याय होऊ नये. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात जगातल्या विषमतेचा आणि क्रूरतेचा आरोप ईश्वरावर येतो. शंकराचार्य भाष्यात तो दूर करतात ते जीवांच्या धर्माधर्माकडे बोट दाखवून, आणि हा संसार अनादी आहे असं सांगून. त्या युक्तिवादाचा रोख ईश्वराला निर्दोष ठरवण्याकडे आहे. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या आईला दोषी ठरवण्यासाठी तो मांडलेला नाही. नातेवाईक मात्र तो नेमका तिथंच वापरतात.

याच प्रश्नाला एक जुनं, वेगळं उत्तरही आहे. राजगृहाच्या वेळुवनात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकानं बुद्धाला विचारलं, की माणसाला होणारं सगळं सुखदुःख पूर्वकर्मामुळेच असतं, हे काहींचं म्हणणं खरं का? बुद्धानं पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी आठ कारणं मोजली. कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ, हे त्यांतलं आठवं. सगळंच पूर्वकर्मानं होतं असं सांगणारे अनुभवाच्या आणि लोकमान्य सत्याच्या पलीकडे जातात, असा त्याचा निर्वाळा संयुत्तनिकायात आहे. कर्म त्यानं नाकारलं नाही, त्याची मक्तेदारी नाकारली. पुढे डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना अधिक कठोरपणे तपासली. दारिद्र्य आणि दुःख ही ज्याची त्याची कमाई ठरली, की समाजाची जबाबदारी संपते, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

या आजाराची एक तऱ्हा तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. 1971 मध्ये ज्युलिओ डँजिओ आणि फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातले ऑड्रे इव्हान्स व सी. एव्हरेट कूप यांनी तान्ह्या बाळांच्या एका गटाचं वर्णन केलं. रोग यकृतात, त्वचेत, अस्थिमज्जेत पसरलेला, आणि तरी त्यांतल्या अनेकांच्या गाठी आपोआप विरून जात. असं बाळ ज्या घरात असेल तिथं नवस फेडला जाणार, हे साहजिकच आहे.

पण जपाननं 1985 पासून या गाठी लवकर शोधण्यासाठी देशभरातल्या सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासायला सुरुवात केली. सापडणाऱ्या गाठींची संख्या खूप वाढली. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये आणि जर्मनीतही अशा चाचण्या झाल्या. 2002 मध्ये त्यांचे निष्कर्ष आले: मृत्यू कमी झाले नव्हते. चाचणीत सापडलेल्या अनेक गाठी तशाही विरल्याच असत्या, आणि त्यांच्यासाठी काही बाळांना शस्त्रक्रिया आणि केमो सोसावी लागली होती. जपाननं 2004 मध्ये ही मोहीम थांबवली. म्हणजे चाचणी नव्हती तेव्हा कितीतरी घरांत ही गाठ आली आणि गेली. तिथं कुणी नवस बोललं नव्हतं, कारण गाठ आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. उलट, मोठ्या वयात आणि घातक जनुकीय बदलांसह आलेली गाठ घरचे रात्रंदिवस प्रार्थना करत असतानाही मुलाला घेऊन जाते. रोग विरण्याला पुण्य म्हणायचं, तर त्या दुसऱ्या घराला काय म्हणायचं?

कूप आणि इव्हान्स दोघेही श्रद्धाळू ख्रिस्ती. 1968 मध्ये कूप यांचा तरुण मुलगा गिर्यारोहण करताना मरण पावला. त्यांची श्रद्धा टिकली आणि मुलांवरच्या शस्त्रक्रियाही चालूच राहिल्या. इव्हान्स यांनी 1974 मध्ये फिलाडेल्फियात, उपचारांसाठी लांबून येणाऱ्या कुटुंबांसाठी निवारा उभारायला हातभार लावला. मुंबईतही 2006 पासून सेंट ज्यूड केंद्रांत बाहेरगावची कर्करुग्ण मुलं आईवडिलांसह राहतात.

‘तुमच्यामुळे झालेलं नाही’ हे डॉक्टर आईला एकांतात सांगतात. ते सासू, आत्या, मामा समोर बसलेले असताना, नाव घेऊन आणि पुन्हा पुन्हा सांगायला हवं. कारण केमोचं चक्र संपवून ती ज्या घरी परतणार असते, तिथं हिशेब तेच मांडत असतात.