शिष्यवृत्ती आणि परतीचे वचन

विद्यार्थ्यासाठी शिफारसपत्र लिहिणे हे प्राध्यापकाच्या धंद्यातील वरवर पाहता अगदी निरुपद्रवी काम होय. सांगलीस अध्यापन करीत असता गेल्या पंचवीस वर्षांत अशी पत्रे मी किती लिहिली असतील याची गणती नाही. परदेशी विद्यापीठांना स्तुती फार लागते. ‘बरा विद्यार्थी’ असे खरे लिहिले तर तिकडे त्याचा अर्थ ‘टाकाऊ’ असा होतो, आणि म्हणून दरसाल चारपाच तरी ‘अद्वितीय’ विद्यार्थी मला निर्माण करावे लागतात! या अतिशयोक्तीची मनाला सवय होऊन गेली आहे. परंतु गतवर्षी दिवाळीपूर्वी एका जुन्या विद्यार्थ्याने मला ज्या पेचात टाकले, तो या सवयीने सुटण्यासारखा नव्हता.

मुलगा सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागातला. वडील कोरडवाहू शेतकरी. शालेय शिक्षण साताऱ्यास, पुढे आमच्याकडे, आणि नंतर तीन वर्षे पुण्यास नोकरी. आता त्याला इंग्लंडला जावयाचे होते व त्यासाठी ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती हवी होती. अभ्यासक्रम संपल्यावर मायदेशी परतून निदान दोन वर्षे तेथे राहिले पाहिजे, अशी या शिष्यवृत्तीची अट आहे. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीवर जाणारासही दोन वर्षांचे असेच बंधन असते. परतल्यावर आपण माण खोऱ्यातील पाण्यासाठी काय करणार, हे त्याने अर्जात फार सुरेख लिहिले होते. मी कौतुक केले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “सर, खरे सांगू? मी परत येईनच असे नाही. पण तसे लिहिल्यावाचून पैसे कोण देणार?” आणि माझा चेहरा पाहून पुढे म्हणाला, “बाबासाहेबांनी तरी बडोद्याचा करार कुठे पुरा केला होता?”

हे उत्तर मला निरुत्तर करण्यासाठी दिलेले असले तरी पोरकट नव्हते. साताऱ्याच्या ज्या शाळेत 1900 साली आंबेडकरांचे नाव दाखल झाले, तिच्यावरून हा मुलगा वर्षानुवर्षे ये-जा करीत आला होता. केळुसकर गुरुजींच्या खटपटीने आंबेडकरांना सयाजीराव महाराजांचा आश्रय लाभला आणि 1913 मध्ये, दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, ते कोलंबिया विद्यापीठात गेले. मोबदला म्हणून दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. तो पुरा झाला नाही, हेही खरे.

परंतु का झाला नाही? 1917 मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. शहरात त्यांना कोणी घर देईना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले, आणि तेथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ज्या समाजाने राहावयास छप्पर दिले नाही, त्याने करारभंगाची तक्रार करावी, याला न्याय म्हणता येईल काय? वचन देणाऱ्याचे पाळणे आणि घेणाऱ्याचे पाळू देणे, अशा दोन बाजू प्रत्येक वचनाला असतात. बडोद्यात दुसरी बाजू ढासळली. शिवाय, हे गृहस्थ मुळात परत आले होते. पुढे सिडनहॅम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साह्य व मित्राकडून कर्ज घेऊन ते 1920 साली लंडनला गेले, आणि तेथूनही परतलेच.

मोडलेले वचन आणि मोडण्याच्या हेतूनेच दिलेले वचन यांत हा एवढा फरक आहे. पहिल्यात दुर्दैव असू शकते, किंवा दुर्बलता. दुसऱ्यात, भाषा कितीही गोड असो, एका गरजू स्पर्धकाची जागा लबाडीने घेतलेली असते. कारण त्याच अर्जांच्या गठ्ठ्यात खरोखर परतू इच्छिणारा कोणीतरी असतोच.

हे सारे मी त्याला सांगितले. तथापि सांगताना माझा आवाज म्हणावा तितका ठाम नव्हता. “परत ये” असे म्हणणाऱ्या आम्हा वडीलधाऱ्यांनी त्याच्यासाठी येथे काय राखून ठेवले आहे? तासिका तत्त्वावरची प्राध्यापकी? माझ्याच कॉलेजात मोठ्या पदव्या घेतलेली माणसे तासांच्या हिशेबाने राबताना मी रोज पाहतो. परतीचा आग्रह धरणे हे परतणाराला जागा करून देण्यापेक्षा नेहमीच स्वस्त असते.

शेवटी मी शिफारस नाकारली. त्याने तो अर्ज सोडला आणि 1892 पासून चालत आलेल्या जमशेटजी टाटांच्या निधीकडे कर्जरूप शिष्यवृत्ती मागितली. तेथे फेडायचे ते पैशाने, आणि ते त्याने मनापासून कबूल केले. ते पत्र मी आनंदाने लिहिले. कर्ज मिळाले, पण तेवढ्याने सारा खर्च भागत नाही, म्हणून उरलेल्यासाठी वडिलांनी जमीन तारण ठेवली आहे. जाण्यापूर्वी बापलेक दोघे भेटून गेले. वडील माझ्या पाया पडू लागले, तेव्हा मी मागे सरलो. माझ्या तत्त्वाचा बोजा त्यांच्या सातबाऱ्यावर चढला आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. मुलाला होते, आणि तो काही बोलला नाही.