श्रेय कोणाचें?

फलाची आशा न धरतां कर्म करावें, हें तत्त्व आपल्याकडे इतकें तोंडपाठ झालें आहे कीं, तें कसोटीस लावून पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाहीं. द्रव्याची आशा सोडणारीं माणसें पुष्कळ आढळतात. मानाची आशा सोडणारीं त्याहून थोडीं. परंतु ‘हें काम मीं केलें’ एवढी साधी आणि खरी गोष्ट सांगण्याचा हक्कही जो सोडून देतो, त्याला काय म्हणावें? आणि तें श्रेय दुसऱ्या कोणीं खोटें बोलून घेतलें असेल, तर मौन हा सद्गुण ठरतो, कीं असत्याला दिलेली मूक संमति? हा वाद केवळ तर्कशास्त्राचा नव्हे. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समधील एका संन्यासिनीला तो उभें आयुष्य पणास लावून सोडवावा लागला.

झान जुगां हिचा जन्म १७९२ सालीं ब्रिटनी प्रांतांतील कांकाल या समुद्रकांठच्या गांवीं झाला. बाप मासेमारी करी. मुलगी लहान असतांनाच तो समुद्रावर गेला, तो परत आला नाहीं. पुढें तिनें एका वाड्यांत स्वयंपाकघरांतील चाकरी केली आणि नंतर सँ-सेर्वां येथील रुग्णालयांत शुश्रूषेचें काम केलें. १८३९ च्या हिंवाळ्यांत, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, तिनें एका आंधळ्या व पांगळ्या वृद्धेला आपल्या बिऱ्हाडीं आणलें, तिला आपला बिछाना दिला आणि स्वतः माळ्यावर निजूं लागली. एकीमागून दुसरी आली. सोबतीस दोन-तीन स्त्रियाही मिळाल्या. या वृद्धांपैकीं पुष्कळजणी पूर्वीं दारोदार भीक मागत. आतां झान स्वतः टोपली घेऊन त्यांच्या ऐवजीं त्याच दारांपुढें उभी राहूं लागली. तिच्या कार्याचें सारें मर्म या एका गोष्टींत आहे. तिनें त्यांना केवळ अन्न दिलें नाहीं. याचनेची लाजही त्यांच्याकडून काढून घेऊन आपल्या माथीं घेतली. अशी आख्यायिका आहे कीं, एका गृहस्थानें चिडून तिला चपराक मारली, तेव्हां ही माझ्या वाट्याची झाली, आतां माझ्या गरिबांसाठीं कांहीं द्या, असें ती शांतपणें म्हणाली. यांतूनच ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा संघ उभा राहिला.

१८४३ च्या डिसेंबरांत भगिनींनीं तिला पुन्हा प्रमुख म्हणून निवडलें. थोड्याच दिवसांत ल पायर नांवाच्या धर्मोपदेशकानें ती निवड रद्द केली आणि तेवीस वर्षांच्या मारी जामे हिला प्रमुखपद दिलें. झान भिक्षेची टोपली घेऊन पुन्हा रस्त्याला लागली. १८४५ सालीं फ्रेंच अकादमीनें तिला तीन हजार फ्रँकांचें मोंतियों पारितोषिक दिलें. म्हणजे खरें काय तें बाहेरच्या जगाला ठाऊक होतें. १८५२ सालीं तिला मातृगृहांत बोलावून भिक्षेला जाण्याचीही बंदी करण्यांत आली. तेथून १८७९ मधील मृत्यूपर्यंत सत्तावीस वर्षें ती नवशिक्या मुलींच्या संगतींत एक साधी म्हातारी म्हणून राहिली. संस्थापक म्हणून ल पायर मिरवत होता, आणि शेजारीं बसलेली ही वृद्धा कोण, हें त्या मुलींना ठाऊक नव्हतें. तिच्या मृत्युसमयीं संघांत सुमारे २४०० भगिनी होत्या. तिच्या थडग्यावर मात्र ती संघाची तिसरी भगिनी असल्याचा लेख कोरला गेला.

कोणी म्हणेल, हा त्याग कसला? ती आज्ञापालनाच्या व्रतानें बांधलेली. तिचें श्रेय हिरावलें गेलें, तिनें तें सोडलें नाहीं. आक्षेप अर्धा खरा आहे. हिरावून घेण्यांत तिची इच्छा नव्हती. परंतु हिरावल्यावर मनांत काय ठेवावें, हें तिच्याच हातीं होतें. तुम्हीं माझें काम चोरलें, पण तें मी तुम्हांला खुषीनें देतें, अशा आशयाचें ती ल पायरला बोलल्याचें सांगतात. या बोलण्यांतील पहिला भाग मला दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. चोरीला तिनें चोरीच म्हटलें. क्षमा करण्यासाठीं तिनें सत्य झांकलें नाहीं.

मौनाची मर्यादाही तिला कळत होती. १८६५ सालीं संघानें कायमचें उत्पन्न स्वीकारावें, कीं रोजच्या दानावरच विसंबावें, असा प्रश्न निघाला. कोणतेंही पद नसलेल्या झानला तेव्हां सल्ल्यास बोलावण्यांत आलें. तिनें कायमच्या उत्पन्नास स्पष्ट नकार दिला आणि तोच निर्णय झाला. प्रश्न आपल्या नांवाचा असतां ती गप्प राहिली; प्रश्न संघाच्या व्रताचा असतां ती बोलली. जें आपलें, तें देऊन टाकण्यास आपण मुखत्यार आहों. जें दुसऱ्याचें, तें देण्यास नाहीं. निष्काम कर्म आणि निव्वळ भिडस्तपणा यांतील रेषा मला येथें दिसते.

तरी एक हिशेब उरतोच. ज्या मुलींना खोटा इतिहास शिकविला गेला, त्यांचा सत्यावरील हक्क झान कशी सोडणार? तो तिचा नव्हताच. तिच्या क्षमेनें ल पायरची निंदा तिच्यापुरती थांबली. इतरांचें कर्तव्य संपलें नाहीं. १८९० सालीं चौकशीअंतीं त्याला दूर करण्यांत आलें. विसाव्या शतकांत खरी हकीकत संघांत पसरली. आणि २००९ सालीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं तिला संतपद दिलें.

श्रेय सोडणें हा कर्त्याचा अधिकार आहे. श्रेय देणें हें इतरांवरील ऋण आहे. आपल्या संस्थांतून आणि घरांतूनही ‘त्यांना नांवाची हौस नाहीं’ असें म्हणून आपण कितीजणांचें ऋण बुडवितों! निःस्पृहतेची स्तुति करावी, पण ती करतांना आपला हात दुसऱ्याच्या खिशांत तर नाहीं ना, हेंही पाहावें.